केवळ स्टाइलशीटच्या साहाय्याने चित्रमय मेनूची रचना

संकेतस्थळावरील मेनूच्या एखाद्या पदावर माऊसचा दर्शक नेला असता त्या पदाचे रूप पालटते आणि दर्शक दूर होताच ते पूर्ववत होते, ही घटना आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही विचार असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. वस्तुतः हा लहानसा पालट घडविण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत, आणि त्यांपैकी कोणती स्वीकारली यावर ते पृष्ठ कोणास वाचता येईल व कोणास येणार नाही हेही पुष्कळ अंशी ठरते. कोणत्याही प्रोग्रॅमिंगचा आश्रय न घेता, केवळ स्टाइलशीटच्या नियमांनी हा पालट कसा साधतो, त्याचे अधिष्ठान कोणते आणि त्याची धाव कोठवर आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. वाचकांना एचटीएमएल व सीएसएस यांचा प्राथमिक परिचय आहे असे गृहीत धरले आहे. मेनूतील प्रत्येक दुव्यास येथे 'पद' म्हटले असून, दर्शक दूर असताना, वर असताना व दाबला असताना दिसणाऱ्या रूपांस त्या पदाच्या 'अवस्था' म्हटले आहे.

या प्रकरणाचा आरंभ १९९६ सालचा होय. त्या वर्षी नेटस्केप नॅव्हिगेटरच्या तिसऱ्या आवृत्तीने पृष्ठावरील चित्रे जावास्क्रिप्टच्या ताब्यात दिली आणि एका चित्राच्या जागी दुसरे आणून ठेवणे शक्य झाले. त्याबरोबर मेनूंची एक लाटच उसळली. प्रत्येक पदासाठी दोन चित्रे, प्रत्येक चित्रास एक नाव, दर्शक आत येताच चालावयाचे एक फंक्शन, बाहेर जाताच चालावयाचे दुसरे, आणि पालटलेली चित्रे आयत्या वेळी उशीर करू नयेत म्हणून ती आधीच मागवून ठेवणारे तिसरे, असा हा संसार असे. पाच पदांच्या मेनूसाठी लिहावा लागणारा मजकूर पुष्कळदा पृष्ठावरील मुख्य लेखनाहून अधिक भरे. परंतु विस्तार हा या पद्धतीचा खरा दोष नव्हे. पदाचे नाव हा पृष्ठाच्या आशयाचा भाग आहे. त्या नावाचे रूप हा वेगळा भाग आहे. आणि दर्शकास दिलेला प्रतिसाद हा तिसरा. जुन्या पद्धतीत या तिहींची सरमिसळ होऊन नाव हे केवळ चित्र बनले. चित्रास पर्यायी मजकूर जोडण्याचा आळस केला असेल, तर दृष्टिहीन वाचकाच्या वाट्यास चित्राच्या फाइलचे नाव तेवढे येई.

होकोन विउम ली यांनी स्टाइलशीटची कल्पना ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडली होती, आणि तिचे पहिले प्रमाणित रूप डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दुव्याच्या तीन अवस्था सांगता येत : न पाहिलेला, पाहिलेला आणि दाबला जात असलेला. दर्शक नुसता वर असणे ही अवस्था त्यात नव्हती. ती मे १९९८ च्या दुसऱ्या पायरीत 'हॉव्हर' या नावाने आली, आणि तिच्याबरोबर कळफलकावरून पदापर्यंत पोहोचणाऱ्या वाचकासाठी 'फोकस' ही अवस्थाही आली. या दोन अवस्था एकाच दिवशी जन्मल्या हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढे बहुतेक रचनाकारांनी पहिलीस घरात घेतले व दुसरीस दारात उभे केले.

मेनूतील शब्द चित्ररूपाने देण्याचा मोह रोमन लिपीच्या संकेतस्थळांनाही होता. तेथे त्याचे कारण बहुधा आवडीचा टाइप हे असे. देवनागरीच्या बाबतीत मात्र तो मोह नसून निरुपाय होता. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असली, तरी सामान्य वाचकाच्या संगणकावर ती पोहोचण्यास बराच काळ लागला. विंडोज २००० मध्ये सोय आली तीही बहुधा निराळी चालू करून घ्यावी लागे. तोवर प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा फाँट वेगळा आणि त्याची अक्षरमांडणीही वेगळी. तो फाँट वाचकाकडे नसला की मराठी शब्दांच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसे. अशा स्थितीत लेख वाचता आला नाही तरी निदान मेनू तरी वाचता यावा, म्हणून 'मुखपृष्ठ', 'संपर्क' इत्यादी शब्द चित्रात कोरून ठेवणे हा व्यवहारी मार्ग होता. आज त्या काळातील पृष्ठांस नावे ठेवणाऱ्यांनी ही अडचण विसरू नये. ती अडचण आता उरलेली नाही, हेही तितकेच खरे. त्याचा विचार पुढे येईल.

आता मूळ तत्त्वाकडे वळू. सर्वांत सरळ मार्ग असा दिसतो की पदास पार्श्वभूमी म्हणून एक चित्र द्यावे आणि हॉव्हरच्या नियमात दुसरे द्यावे. हा मार्ग चालतो, पण पहिल्या खेपेस अडखळतो. जो नियम त्या क्षणी लागू आहे त्यातीलच चित्र ब्राउझर मागवितो. हॉव्हरचे चित्र दर्शक प्रथम वर येईपर्यंत मागविलेच जात नाही, आणि ते येईपर्यंत पद क्षणभर कोरे दिसते. संथ जोडणीवर हा क्षण चांगलाच लांबतो. शिवाय पाच पदे व प्रत्येकाच्या तीन अवस्था मिळून १५ चित्रे होतात. जून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमपत्रात एका सर्व्हरशी एका वेळी दोहोंहून अधिक जोडण्या ठेवू नयेत अशी शिफारस होती. सर्व चित्रे एकदम मागविली तरी दोन-दोनच्या आठ फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरीस जाण्यायेण्याचा वेळ निराळा.

यावर जो उपाय निघाला तो जत्रेतल्या बायस्कोपसारखा आहे. पेटीस एकच भोक, आतील पट्टी लांबलचक. डोळा भोकास लावला की पट्टीचा जेवढा भाग भोकासमोर असेल तेवढाच दिसतो, आणि पट्टी सरकविली की देखावा पालटतो. पदाची चौकट हे भोक होय. सर्व पदांची सर्व रूपे एकाच मोठ्या चित्रात ओळीने मांडावयाची, ते एकच चित्र प्रत्येक पदास पार्श्वभूमी म्हणून द्यावयाचे, आणि अवस्था पालटली की चित्र न बदलता केवळ त्याचे स्थान सरकवावयाचे. चित्र आधीच आलेले असल्यामुळे कोरा क्षण राहत नाही, आणि १५ मागण्यांच्या जागी एक मागणी पुरते. पेत्र स्तानिचेक यांनी २००३ च्या सुमारास एका पदापुरती ही युक्ती दाखविली होती. डेव्ह शे यांनी मार्च २००४ मध्ये 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकातून तिला संपूर्ण मेनूचे रूप दिले, आणि जुन्या संगणकीय खेळांतील शब्द उचलून अशा चित्रास 'स्प्राइट' हे नाव रूढ केले.

एक उदाहरण

एखाद्या विद्यापीठीय विभागाच्या मेनूत मुखपृष्ठ, अभ्यासक्रम, संशोधन, ग्रंथालय व संपर्क अशी पाच पदे आहेत असे समजू. प्रत्येक पदाची चौकट १२० पिक्सेल रुंद व ४० पिक्सेल उंच आहे. एचटीएमएलमध्ये ही पदे साध्या यादीच्या रूपाने लिहावी : यादीत पाच घटक, प्रत्येक घटकात एक दुवा, दुव्यात पदाचे नाव साध्या मजकुरात. हा पाया कधीही सोडू नये. स्टाइलशीट मुळीच आली नाही तरी वाचकास पाच दुव्यांची वाचनीय यादी मिळते, आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी साधनेही 'पाच घटकांची यादी' असे सांगू शकतात.

दुवा हा स्वभावतः ओळीतील शब्दांसारखा वागतो, आणि तशा घटकास रुंदी व उंची लागू होत नाही. म्हणून प्रथम त्याचा 'डिस्प्ले' हा गुणधर्म 'ब्लॉक' करावा आणि मग १२० व ४० पिक्सेलची मापे द्यावी. ही पायरी विसरल्यामुळे 'चित्र दिसतच नाही' अशी तक्रार करणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात.

मोठ्या चित्राची रुंदी पाच गुणिले १२०, म्हणजे ६०० पिक्सेल. उभ्या दिशेने तीन ओळी : सर्वांत वर सामान्य अवस्था, तिच्याखाली दर्शक वर असतानाची, तिच्याखाली दाबल्याची. तीन ओळींची उंची १२० पिक्सेल व्हावी असे वाटेल. परंतु देवनागरीसाठी आम्ही दोन ओळींमध्ये १० पिक्सेलची मोकळी पट्टी सोडण्याचा आग्रह धरू. रोमन अक्षरांच्या मानाने देवनागरी अक्षरे उभ्या दिशेने अधिक जागा घेतात. 'संपर्क' मधील रफार शिरोरेषेच्या वर चढतो, एखाद्या शब्दातील दीर्घ ऊकार बराच खाली उतरतो, आणि पृष्ठ मोठे करून पाहताना मापांची पूर्णांकात मोड होते तेव्हा वरच्या ओळीतील ऊकाराचे टोक खालच्या ओळीच्या चौकटीत डोकावते. मोकळी पट्टी असली की ते तेथेच अडते. तेव्हा ओळी ०, ५० व १०० पिक्सेलवर सुरू होतील आणि चित्राची एकूण उंची १४० पिक्सेल होईल.

आता 'बॅकग्राउंड-पोझिशन' या गुणधर्माचा विचार. येथे सरकते ते चित्र. चौकट जागच्या जागी असते. म्हणून उजवीकडचा भाग दिसावयाचा तर चित्र डावीकडे ओढावे लागते, आणि मापे ऋण येतात. तिसरे पद 'संशोधन' चित्रात डावीकडून २४० पिक्सेलवर सुरू होते; त्याचे आडवे स्थान उणे २४०. सामान्य अवस्थेत उभे स्थान शून्य, दर्शक वर आला की उणे ५०, दाबले की उणे १००. याच क्रमाने पाचही पदांची आडवी स्थाने ०, उणे १२०, उणे २४०, उणे ३६० व उणे ४८० अशी येतात.

येथे नियमांच्या संख्येचा एक प्रश्न उद्भवतो. बॅकग्राउंड-पोझिशनमध्ये आडवे व उभे स्थान एकत्र सांगावे लागते. त्यामुळे हॉव्हरच्या नियमात नुसते 'उभे स्थान उणे ५०' असे म्हणता येत नाही. प्रत्येक पदासाठी आडवे स्थान पुन्हा लिहावे लागते, आणि पाच पदे गुणिले तीन अवस्था असे १५ नियम होतात. दोन स्थाने सुटी लिहिण्याचे गुणधर्म काही ब्राउझरांत फार पूर्वीपासून होते. फायरफॉक्सने ते २०१६ मध्ये स्वीकारल्यावर त्यांचा निर्धास्त उपयोग करता येऊ लागला. आता पदांसाठी आडव्या स्थानाचे पाच नियम व अवस्थांसाठी उभ्या स्थानाचे तीन, असे आठ पुरतात. दहा पदांचा मेनू असता हेच प्रमाण ३० विरुद्ध १३ झाले असते.

एक सापळाही दाखवून ठेवतो. पार्श्वभूमीचे सर्व गुणधर्म एकत्र सांगणारा 'बॅकग्राउंड' हा संक्षिप्त गुणधर्म आहे. हॉव्हरच्या नियमात रंग तेवढा पालटावा म्हणून जर कोणी हा संक्षेप वापरला, तर न सांगितलेले सर्व गुणधर्म मूळपदावर जातात. चित्रच नाहीसे होते, आणि चित्र पुन्हा सांगितले तर स्थान शून्यावर येऊन पाचही पदांवर 'मुखपृष्ठ' उमटते. नियमात जेवढे पालटावयाचे तेवढेच लिहावे.

अवस्थांचा क्रमही मनाला येईल तसा चालत नाही. न पाहिलेला, पाहिलेला, हॉव्हर, फोकस व दाबलेला या सर्व अवस्थांचे वजन सीएसएसच्या गणनेत सारखेच आहे. एका वेळी अनेक लागू असतील तर जो नियम मागाहून आला तो जिंकतो. दुवा दाबला जात असताना दर्शकही त्यावर असतोच. तेव्हा दाबलेल्या अवस्थेचा नियम हॉव्हरच्या आधी लिहिला तर तो कधीच दिसणार नाही. वर सांगितलेला क्रम तसाच ठेवावा, आणि हॉव्हरला जे रूप दिले तेच फोकसलाही द्यावे. कळफलकावर चालणाऱ्या वाचकास आपण कोणत्या पदावर आहोत हे दिसलेच पाहिजे. पदाभोवती उमटणारी फोकसची रेषा कुरूप दिसते म्हणून ती काढून टाकण्याची प्रथा पडली आहे. तिच्या जागी दुसरी खूण न देता ती काढणे म्हणजे जिन्याचा कठडा शोभत नाही म्हणून काढणे होय.

पिक्सेलऐवजी टक्केवारी वापरली असता एक मौज दिसते, आणि ती अनेकांस चकविते. टक्केवारीचा अर्थ 'चौकटीच्या रुंदीच्या इतके टक्के' असा नाही. चित्रातील २५ टक्क्यांचा बिंदू चौकटीतील २५ टक्क्यांच्या बिंदूवर येऊन बसतो, असा तो आहे. म्हणून सरकण्याचे माप काढावयाचे तर चौकटीच्या रुंदीतून चित्राची रुंदी वजा करावी आणि बाकीस टक्केवारीने गुणावे. आपल्या उदाहरणात १२० उणे ६०० म्हणजे उणे ४८०. त्याचे २५ टक्के उणे १२०. म्हणजे पाच पदांची स्थाने ०, २५, ५०, ७५ व १०० टक्के येतात. पाच पदांसाठी भागावयाचे ते चाराने, पाचाने नव्हे. उभ्या दिशेने ४० उणे १४० म्हणजे उणे १००, आणि तीन अवस्थांची स्थाने ०, ५० व १०० टक्के. या रीतीचा लाभ असा की 'बॅकग्राउंड-साइझ' आडव्या दिशेने ५०० टक्के व उभ्या दिशेने ३५० टक्के ठेवला, तर चौकट लहान-मोठी झाली तरी स्थाने पुन्हा मोजावी लागत नाहीत. दाट पिक्सेलच्या पडद्यांसाठी १,२०० गुणिले २८० पिक्सेलचे चित्र याच नियमांत बसते.

मोठ्या चित्राचा मोह मात्र आवरावा. फाइल कितीही आटोपशीर असली तरी दाखविण्यापूर्वी ती उलगडावी लागते, आणि उलगडलेल्या चित्रास प्रत्येक पिक्सेलमागे चार बाइट लागतात. आपल्या ६०० गुणिले १४० च्या चित्रास ३,३६,००० बाइट. पण सबंध संकेतस्थळाची सर्व चिन्हे कोंबलेल्या २,००० गुणिले २,००० च्या चित्रास १ कोटी ६० लक्ष. त्यातील बहुतेक जागा रिकामी असली तरी स्मृती तेवढीच खर्ची पडते.

मजकूर झाकण्याचा प्रश्न

आतापर्यंतच्या रचनेत चित्र मजकुराच्या मागे आहे. चित्रातच अक्षरे असतील तर पुढचा मजकूर झाकला पाहिजे, आणि सर्व वादाचे मूळ येथे आहे. टॉड फार्नर यांच्या नावाने ओळखली जाणारी पहिली रीत अशी : मजकूर एका स्पॅनमध्ये घालावयाचा आणि त्याचा डिस्प्ले 'नन' करावयाचा. परंतु असा मजकूर वाचून दाखविणारी साधने सोडून देतात. म्हणजे ज्या वाचकासाठी मजकूर राखून ठेवला त्यासच तो मिळेना. त्यावर माइक रंडल यांनी मजकूर जागीच ठेवून 'टेक्स्ट-इंडेंट' हे माप उणे ५,००० पिक्सेल करण्याची युक्ती सुचविली. शब्द पडद्याच्या डावीकडे दूर फेकले जातात, पण वाचनसाधनांस सापडतात. ही रीत फार लोकप्रिय झाली. पुढे शब्द उजवीकडे शंभर टक्के सरकवून, ओळ तुटू न देता, चौकटीबाहेरचा भाग कापून टाकण्याची अधिक सुटसुटीत रीत स्कॉट केलम यांच्या नावे रूढ झाली.

या दोन्ही फेकाफेकीच्या रीतींत एक उणीव सारखीच आहे. स्टाइलशीट आली पण चित्र आले नाही, तर वाचकापुढे काहीच उरत नाही. चित्र नाही आणि शब्दही नाही. रिकाम्या चौकटींची रांग तेवढी दिसते. ही स्थिती काल्पनिक नव्हे. डेटा वाचविण्यासाठी चित्रे बंद ठेवणारे वाचक असतात, आणि खेड्यातील अर्धवट जोडणीवर पृष्ठाचा मजकूर येऊन चित्र वाटेतच राहते.

टॉम गिल्डर व लेव्हिन अलेक्झांडर यांची रीत आम्हांस अधिक न्याय्य वाटते. तिच्यात मजकूर फेकला जात नाही. दुव्यात मजकुराशेजारी एक रिकामा स्पॅन ठेवावयाचा, त्यास दुव्याच्या चौकटीएवढा करून मजकुरावर अंथरावयाचा आणि चित्र त्या स्पॅनला द्यावयाचे. चित्र आले तर ते शब्दांवर पडते. न आले तर खालचे शब्द आपोआप दिसतात. हॉव्हर अर्थातच दुव्यावर पकडावयाचा आणि आतील स्पॅनचे स्थान सरकवावयाचे. किंमत दोन प्रकारची आहे : रिकामा स्पॅन हा निव्वळ रूपासाठी आशयात घुसतो, आणि चित्र पारदर्शक असल्यास खालचे शब्द आरपार दिसतात. अपारदर्शक चित्र वापरून दुसरी अडचण टळते. पहिली आम्ही सोसावी या मताचे आहोत.

पण याहून मूलगामी प्रश्न असा की अक्षरे चित्रात असावीतच का? देवनागरीसाठी जो निरुपाय होता तो संपला आहे. युनिकोड सर्वत्र पोहोचले, आणि डिसेंबर २०१२ मध्ये 'वॉफ' या स्वरूपास मान्यता मिळाल्यानंतर हवा तो देवनागरी टाइप पृष्ठाबरोबर पाठविण्यात अडचण राहिली नाही. वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील १.४.५ हा निकषही, तांत्रिक अडचण नसेल तेथे अक्षरांची चित्रे वापरू नयेत असेच सांगतो. चित्रातील शब्द वाचकास मोठा करता येत नाही. केला तर अक्षरांच्या कडा फाटतात. त्याचा रंग पालटता येत नाही. एक पद वाढले तर सबंध चित्र नव्याने घडवावे लागते, आणि ते घडविणारा पदवी घेऊन निघून गेलेला असतो. चित्रांच्या बाजूने एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे : हॉव्हरमध्ये अक्षरे ठळक केली तर शब्दाची रुंदी वाढून शेजारची पदे ढकलली जातात, चित्रात हे घडत नाही. मजकुराच्या मेनूत त्यासाठी रुंदी निश्चित करावी, किंवा ठळकपणाऐवजी रंग व अधोरेषा पालटावी. रोमन मेनूंचे अनुकरण करून अक्षरांत अंतर वाढविणे मात्र देवनागरीस मानवत नाही. शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसू लागतात.

सारांश काढावयाचा नसला तरी एक भेद करून ठेवू : शब्द मजकुरात राहू द्यावेत, आणि वर वर्णिलेले स्थान सरकविण्याचे तंत्र चिन्हे, नकाशे, छायाचित्रे अशा खऱ्या चित्रांसाठी योजावे. तेथे ते आजही चांगले चालते. मे २०१५ मध्ये आलेल्या एचटीटीपी २ मुळे एकाच जोडणीतून अनेक मागण्या एकाच वेळी जाऊ शकतात, त्यामुळे मागण्या वाचविण्याचे प्रयोजन क्षीण झाले आहे. पण कोरा क्षण टाळण्याचे प्रयोजन जसेच्या तसे आहे.

उपमेनू आणि पलीकडची हद्द

हॉव्हर ही अवस्था दुव्यापुरती नसून कोणत्याही घटकास लागू आहे. म्हणून यादीच्या घटकात दुसरी यादी ठेवून, त्या घटकावर दर्शक असताना आतील यादी प्रकट करावी, अशी उपमेनूची रचना होते. पॅट्रिक ग्रिफिथ्स व डॅन वेब यांनी नोव्हेंबर २००३ मध्ये 'सकरफिश' या नावाने ती लोकांपुढे ठेवली. २००१ चे इंटरनेट एक्सप्लोरर ६ मात्र हॉव्हर केवळ दुव्यांवरच मानीत असे, म्हणून त्या एका ब्राउझरसाठी थोड्या ओळींची जावास्क्रिप्ट जोडावी लागे. २००६ च्या सातव्या आवृत्तीने ही गरज संपविली, आणि 'केवळ स्टाइलशीट' हे वर्णन खऱ्या अर्थाने लागू झाले.

उपमेनूत दोन बारकावे सांभाळावे लागतात. पद व उपमेनू यांच्यामध्ये एका पिक्सेलचीही फट असली तर दर्शक ती ओलांडताना घटकाबाहेर पडतो आणि यादी डोळ्यांदेखत मिटते. फट हवीच असेल तर ती उपमेनूच्या आतील पॅडिंगने करावी. दुसरे असे की दर्शक तिरका नेणाऱ्या वाचकाच्या हातून यादी निसटते. त्यासाठी मिटण्यास थोडा विलंब द्यावा. डिस्प्लेऐवजी 'व्हिजिबिलिटी' पालटावी, आणि सामान्य अवस्थेच्या नियमात ३०० मिलिसेकंदांचा विलंब व हॉव्हरच्या नियमात शून्य विलंब लिहावा. ज्या अवस्थेकडे जावयाचे तिच्या नियमातील विलंब लागू होतो. म्हणून उघडणे तत्काळ आणि मिटणे सावकाश होते. कळफलकासाठी 'फोकस-विदिन' ही अवस्था २०१७ च्या सुमारास बहुतेक प्रमुख ब्राउझरांत आली. तिचा नियम हॉव्हरपासून वेगळा लिहावा. स्वल्पविरामाने जोडलेल्या निवडीतील एक जरी भाग ब्राउझरास अपरिचित असला तरी तो सबंध नियम टाकून देतो.

एवढे करूनही एक भिंत उरते. जून २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील १.४.१३ या निकषाप्रमाणे, हॉव्हर वा फोकसने प्रकट झालेला मजकूर इतर मजकूर झाकीत असेल, तर दर्शक न हलविता तो बाजूस सारता आला पाहिजे. पडदा बहुगुणित करून वाचणाऱ्या मंददृष्टी वाचकास याची निकड भासते. त्याच्या दृष्टिक्षेत्रात उपमेनूच मावतो आणि खालचा लेख दिसेनासा होतो. एस्केपची कळ दाबली हे स्टाइलशीटला कळत नाही. त्यामुळे मजकुरावर पसरणारा, हॉव्हरने उघडणारा उपमेनू केवळ स्टाइलशीटने कितीही काळजीपूर्वक केला तरी हा निकष पुरा होत नाही. एचटीएमएलमध्ये अलीकडे आलेला 'पॉपओव्हर' हा गुणधर्म एस्केपने मिटण्याची सोय जावास्क्रिप्टवाचून देतो. पण तो बटण दाबून उघडावा लागतो, हॉव्हरने नव्हे. आमच्या मते विभागाच्या संकेतस्थळास हाच बदल हितावह आहे, आणि पाच-सहा पदांच्या मेनूस उपमेनू हवाच का हेही एकदा विचारून पाहावे.

स्पर्शाच्या पडद्यांवर तर हॉव्हर या संकल्पनेसच जागा नाही. बोट पडद्यावर असते किंवा नसते. असे ब्राउझर हॉव्हरचे सोंग आणतात : पहिल्या स्पर्शाने काही वेळा रूप पालटते आणि बोट उचलल्यावरही ते तसेच चिकटून राहते. यासाठी माध्यमविषयक अटींत 'हॉव्हर' व 'पॉइंटर' अशा दोन चौकश्या आल्या आहेत. हॉव्हरचे सर्व नियम 'हॉव्हर शक्य असल्यास' या अटीच्या आत ठेवावे, आणि अटीबाहेरचा मेनू पूर्णपणे उघडा व चालणारा असावा. हॉव्हरने जे कळते ते अन्य मार्गानेही कळले पाहिजे, हा याचा व्यावहारिक अर्थ.

शेवटी जुन्या रचनांतील एका चौथ्या ओळीविषयी. वाचकाने पूर्वी पाहिलेल्या पदावर वेगळी खूण उमटावी म्हणून चित्रात 'पाहिलेला' या अवस्थेचीही ओळ ठेवण्याची पद्धत होती. परंतु पाहिलेल्या दुव्याचे रूप तपासून वाचक कोठे कोठे जाऊन आला याचा छडा लावता येतो, असे ध्यानात आले. मोझिलाच्या डेव्हिड बॅरन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या योजनेनुसार ब्राउझरांनी या अवस्थेत केवळ काही रंग पालटण्याची मुभा ठेवली. पार्श्वभूमीचे चित्र किंवा त्याचे स्थान आता त्या नियमाने हलत नाही. तेव्हा आपल्या १४० पिक्सेल उंचीच्या चित्रास चौथी ओळ जोडण्याचे कारण नाही.